हाकाऱ्यातली मुकी बाजू

उत्तर न दिलेलं एक पत्र कास्वेकापाशी तीन वर्षं पडून होतं. शाळेतली कारकुनी सोडताना रद्दीत निघालेला नकाशांचा एक जाडजूड ग्रंथ त्यानं घरी आणला होता. त्यातल्या समुद्राच्या पानात ते पत्र ठेवलेलं असे, कारण त्या घरात समुद्राचं पान दुसरं कोणी उघडणार नव्हतं.

पत्र धाकट्या बहिणीचं, कालुंबुचं. तिचा नवरा चिंगोलाच्या तांब्याच्या खाणीवर छातीच्या दुखण्यानं गेला होता. खाणकामगारांच्या वस्तीतली खोली सोडायची होती. पदरात चार मुलं. शेवटी लिहिलं होतं, 'दादा, तुझ्या गावात मला चूल मांडायला जागा आहे का, एवढंच कळव. उत्तर आमच्या चर्चच्या टपालपेटीवर टाक.'

एवढंच कळवायचं होतं. नवरा गेला की बाई भावाच्या गावी येते, तिच्या पोरांवर बापाच्या माणसांपेक्षा मामाचा हक्क मोठा, हे त्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. 'ये' याखेरीज दुसरं उत्तरच नव्हतं. पण एकदम पाच तोंडं वाढणार, त्यावर बायको, न्यालुहाना, काय म्हणेल, हे तिला विचारायचं धाडस त्याला झालं नाही. म्हणून आधी सांत्वन नीट लिहू आणि मग मुद्द्यावर येऊ, असं त्यानं ठरवलं. बावीस वर्षं त्यानं गावाची पत्रं लिहून दिली होती. स्वतःचं लिहायला बसला की मात्र एक वाक्य थंड वाटे, दुसरं उसनं वाटे. अकरा कागद फाडले. सहा महिन्यांनी उशिराची माफी मागणं आलं, वर्षानं त्या माफीची माफी आली. मग त्यानं ग्रंथ मिटला तो मिटलाच.

कालुंबुच्या नवऱ्याची बातमी घरात चर्चच्या एका माणसाकडून कळली. "शहराची झाली ती," न्यालुहाना म्हणाली होती. "भावाला दोन ओळी टाकायलाही सवड नाही बाईला." कास्वेका ताटात बघत राहिला होता.

त्या मुलखात उन्हाळा सप्टेंबरात येतो, आणि यंदाचा वाईट आला. सप्टेंबर सरत आला तरी वारा हलेना. जाळलेल्या गवताची राख अंगणात भिरभिरायची आणि घामाला चिकटायची. कसावा उपटला की कंद वरून बरा दिसे, पण कापला की आत तपकिरी, बुचासारखा. न्यालुहाना अर्धा अधिक कापून टाकायची, उरलेला ओढ्याच्या डबक्यात भिजत घालायची. त्यातच कोंबड्यांत मर आली. माना वाकड्या करून चार दिवसांत अठरा कोंबड्या गेल्या. आणि त्याच आठवड्यात कास्वेकाचा मुलगा कायोंबो, त्याची बायको चिलोंबो बाळंत झाली. मुलगी झाली.

चिलोंबोला दूध येईना. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि न्यालुहानाला म्हणाली, "रक्त किती गेलंय बघा हिचं. कोरड्यास द्या हिला. मांस, मासे, अंडी. नुसत्या पाल्यावर दूध कुठून येईल?"

"पाला तरी कुठं उरलाय बाई," न्यालुहाना म्हणाली.

सून सासऱ्यासमोर येत नाही आणि सासरा सुनेच्या झोपडीत पाऊल टाकत नाही. त्यामुळे कास्वेकाला सगळं गवताच्या भिंतीतून कळायचं. पहिले आठ दिवस बाळ मांजरासारखं रडायचं. नवव्या दिवसापासून कमी रडू लागलं, आणि ते कमी रडणंच त्याला ऐकवेना.

शेजारी साचिलेंबीकडे सात बोकड होते. कास्वेका त्याच्याकडे गेला, स्टुलावर बसला. रेडिओवर पावसाचं काय सांगतात, यावर तासभर बोलला. उठताना साचिलेंबी म्हणाला, "मास्तर, काही काम होतं का?"

"नाही, सहज आलो होतो."

"मग ठीक. आणि तुमच्या कुत्रीला आवरा जरा. तिचं नाव पुकारलं की माझ्या बायकोला वाटतं, आम्हालाच बोलताय."

कुत्रीचं नाव 'सांगू-कुणाला' होतं. ते न्यालुहानानं ठेवलेलं, आणि साचिलेंबीच्या बायकोला टोमणा ऐकू जावा म्हणूनच ठेवलेलं. कास्वेका मान खाली घालून घरी आला.

"दिला बोकड?" कायोंबोनं विचारलं.

"मी मागितला नाही."

कायोंबो उठला आणि माळ्यावरून जाळी खाली काढू लागला.

जाळी दोन होती. प्रत्येक चाळीस पावलं लांब, झाडाच्या सालीच्या दोरीची, कास्वेकाच्या मामानं वळलेली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. तिथं फेबीनं, म्हणजे कास्वेकाच्या मुलीनं, खताच्या गोणीचा दोरा उसवून गाठी मारल्या. बंदुकीला परवाना लागतो, दारू लागते, छर्रे लागतात. जाळ्याला फक्त माणसं लागतात. ओढ्याकाठच्या दाट झाडीत राखी-निळं छोटं हरिण असतं, कुत्र्याहून लहान. झाडीच्या एका टोकाला जाळी बांधायची आणि दुसऱ्या टोकाकडून सगळ्या घरानं ओरडत, काठ्या आपटत ते जाळ्यावर हाकायचं.

कास्वेकाच्या लहानपणी अशी शिकार म्हणजे सण असे. पंचवीस-तीस माणसं, टोपल्या घेतलेल्या बायका, पाठीवर पोरं. हाकाऱ्यात सगळ्यात पुढे कालुंबु. एवढीशी पोरगी, पण ओरडली की मामा जाळ्यापाशी हसत म्हणायचा, "हरिण राहू दे, मीच पळतो आता." तेव्हाही कास्वेका मागे राहून दोन काठ्या एकमेकींवर वाजवायचा. त्याच्या वाटचं ओरडणं तीच ओरडायची.

आता जाळ्यापाशी एकटा कायोंबो होता. हाकायला न्यालुहाना, फेबी, कास्वेका आणि कुत्री.

पहिल्या दिवशी तीन झाड्या हाकल्या. काटेरी वेलींनी पोटऱ्या सोलल्या. गोमाश्या कानामागे चावत होत्या. तिन्ही वेळा जाळं तसंच ताठ उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी दोन हाकारे झाले. ताज्या लेंड्या दिसल्या, कुत्री दोनदा भुंकली, पण जाळ्यात काही नाही. परतताना फेबीला अळंबी सापडली, पण ती किडकी निघाली.

त्या दिवशी चिलोंबोनं गरम पाण्यात कसाव्याचं पीठ कालवून बोटानं बाळाच्या तोंडात घातलं. ते बाळानं ओकून टाकलं.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना न्यालुहानानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. अंगणाच्या कडेला मामाचा, वर दोन फांटे असलेला दुबेळक्याचा खांब होता. जुने शिकारी त्याला शिकारीचं रक्त लावायचे. तिनं त्याच्या बुडाशी पांढरी माती ठेवली आणि दोन्ही जाळी त्यावर टाकली.

"दोन दिवस रिकामी आलो," ती म्हणाली. "म्हणजे कुणाच्या तरी काळजात काहीतरी कुजतंय. झाकलेला राग असला की जाळं भरत नाही, हे मी सांगायला नको. जाळ्यावर हात ठेवा आणि बोलून टाका. नंतर कुणी कुणाला ते उकरून दाखवायचं नाही. फेबी, तू."

फेबीनं हात ठेवला. "माझं नेसायचं नवं चितेंगे फाडून आईनं बाळाची दुपटी केली. मला विचारलंसुद्धा नाही. नेसून फक्त एकदा चर्चला गेले होते. होता राग. सोडला."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं दिलं. म्हणून तर राग."

कायोंबोनं हात ठेवला. "बाबांनी पुस्तकांची पेटी उघडायला माझी कोयती वापरली. धार गेली तिची. आणि आई, तू साचिलेंबीच्या पोराचं कौतुक माझ्यासमोर करतेस. बोकड त्याच्या बापाचे आहेत, त्याचे नाहीत. सोडलं."

न्यालुहाना जाळ्यापाशी उकिडवी बसली. "सून ओलं लाकूड चुलीत घालते, धूर मला खावा लागतो. ते एक. आणि हे," तिनं नवऱ्याकडे बघितलंही नाही, "चाळीस वर्षं झाली, या माणसानं मला एकदा मोठ्यानं हाक मारलेली नाही. पाणी हवं असलं तरी जवळ येऊन खाकरतात. शेजारणीला वाटतं, आमच्या घरात भांडण आहे. सोडलं."

फेबी हसली. तेवढ्यात झोपडीच्या भिंतीमागून चिलोंबोचा आवाज आला. तो इतका बारीक होता की फेबीचं हसू थांबलं.

"जाळ्याची दोरी इकडे द्या."

कायोंबोनं जाळ्याचं टोक भिंतीखालून आत सरकवलं. दोरी थोडी ताणली गेली.

"मी दोनदा मनात म्हटलं, हे बाळ जन्मलंच नसतं तर बरं झालं असतं. तेच अडत असेल तर मी बोलले."

 न्यालुहाना दोरीवरून हात फिरवत भिंतीपर्यंत गेली, तिथं थोडी थांबली, परत आली. मग म्हणाली, "आता तुम्ही."

कास्वेकानं जाळ्यावर हात ठेवला. साल खरखरीत होती. ग्रंथातलं समुद्राचं पान त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"माझं काही नाही," तो म्हणाला.

न्यालुहाना त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिनं सगळ्यांच्या कपाळाला पांढरी माती लावली, त्याच्याही.

खालच्या ओढ्याची झाडी चांगली लांब होती. कायोंबोनं दोन्ही जाळी गाठ मारून एक केली, वाकवून अर्धं कडं केलं आणि पालापाचोळ्याआड बसला. न्यालुहाना डाव्या अंगाला, फेबी मध्ये, कास्वेका उजव्या अंगाला ओढ्याच्या काठानं. "हो, हो, हो," असा बायकांचा आवाज सुरू झाला. काठ्या बुंध्यांवर आपटू लागल्या. कास्वेका दोन काठ्या टक् टक् वाजवत वाकून चालला. समोर पानं हलली. ओल्या मातीवर काहीतरी फार हलकं थांबलं. दोन काळे डोळे त्याच्याकडे पाहत होते. त्यानं तोंड उघडलं. आवाज गळ्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. हरिण त्याच्या बाजूनं, हात लांब केला असता तर पाठीला लागला असता इतक्या जवळून, मागे निघून गेलं.

जाळं रिकामं होतं.

फेबी मागे फिरली. ओणवी होऊन चिखल बघत बघत ओढ्याकाठी गेली आणि तिथून म्हणाली, "आई, इकडे ये."

खुरांच्या ठशांची रांग जाळ्याकडे गेली होती, वळली होती आणि कास्वेकाच्या पावलांच्या जोडीनं परत गेली होती.

"हे आजचं," फेबी म्हणाली. "आणि काल शेंगांच्या झाडापाशी दिसले ते ठसेही उजव्याच अंगाला होते. परवाही बाबा उजवीकडेच होते."

"म्हणजे?" कायोंबो जाळं टाकून आला होता. चेहऱ्यावरून घाम निथळत होता.

"म्हणजे बाबांच्या बाजूनं आवाजच येत नाही. हरिण काय मूर्ख आहे? जिथं गप्प, तिथून बाहेर."

कायोंबोनं बापाकडे बघितलं. "तीन दिवस, बाबा. तीन दिवस मी तिथं पालथा पडून मुंग्यांकडून चावून घेतोय. तुम्ही ओरडला का नाहीत?"

"काठ्या वाजवत होतो."

"काठ्या तर सुतारपक्षीही वाजवतो."

कास्वेका ओढ्याच्या काठावर बसला.  शब्द जुळवायची त्याला सवय होती, पण या वेळी त्यानं जुळवले नाहीत.

"कालुंबुचं पत्र आलं होतं," तो म्हणाला.

"कधी?" न्यालुहानानं विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी. इथं येऊ का, असं विचारलं होतं. पोरांना घेऊन. मी उत्तर दिलं नाही."

ओढ्यात पाणी फार नव्हतं. दगडांमधून त्याचा बारीक आवाज येत होता. न्यालुहाना हातातली काठी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"मी तिला शहराची म्हटलं," ती म्हणाली. "किती वेळा म्हटलं असेल? चर्चमध्ये बायकांपुढे म्हटलं. तुम्ही ऐकत होता."

"हो."

"का?"

"तू नको म्हणशील असं वाटलं."

"मला विचारलं होतं?"

"नाही."

"मग नको मी म्हटलं, की तुम्हीच माझ्या तोंडून म्हणवून घेतलंत?" तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला सोसेना. "माझ्या माथ्यावर ते पाप ठेवून तीन वर्षं जेवलात माझ्या हातचं. सकाळी त्या पोरीनं, अंगात रक्त नसताना, आपल्या बाळाबद्दलचं तोंडातून काढलं. आणि तुम्ही म्हणालात, माझं काही नाही."



"चार पोरं," फेबी हळूच म्हणाली. "आता मोठी झाली असतील. आणि आत्या. पाच माणसं हाकाऱ्याला."

"गप बस तू," न्यालुहाना म्हणाली. तिनं नेसणीच्या टोकानं मान पुसली आणि झाडीच्या वरच्या अंगाला बघितलं. "ते अजून आतच आहे. उघड्यावर जायचं नाही दिवसा. कायोंबो, जाळी उचल. वरच्या टोकाला बांध."

"आणि बाबा?"

"बाबा मध्ये चालतील. बायकांच्या मध्ये. आणि हे बघा," ती नवऱ्याकडे वळली, "तुमच्याजवळून ते परत गेलं ना, तर माझ्या घरी येऊ नका. बहिणीकडेच जा शोधत."

सूर्य डोक्यावर आला होता. झाडीत वारा नव्हता. कपाळावरची पांढरी माती घामाबरोबर कास्वेकाच्या डोळ्यांत उतरली होती. डावीकडून न्यालुहाना ओरडू लागली, उजवीकडून फेबी. मध्ये तो. पहिल्यांदा निघाला तो नुसता खोकला. फेबी तिकडून म्हणाली, "खाकरून हरिण नाही पळत, बाबा." त्यानं पुन्हा तोंड उघडलं. 'हो, हो' त्याला येईना. ते त्याला कधीच आलं नव्हतं.

"कालुंबु," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "कालुंबु."

तिसऱ्यांदा जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. फाटका, चिरका, बकरं कापताना निघतो तसा. "कालुंबु, ये. कालुंबु, ये गं." तो काठ्या बुंध्यांवर आपटत, वेली तोडत चालला. पाय अडखळून पडला, उठला. चष्मा कुठंतरी गेला. दोन्हीकडचे आवाज क्षणभर थांबले आणि मग, आधी न्यालुहानाचा, नंतर फेबीचा, तेच नाव घेऊन सुरू झाले. झाडी नुसती त्या नावानं भरून गेली. कुत्री वेड्यासारखी भुंकू लागली. पुढे पानांत काहीतरी सुसाट सुटलं, जाळ्याच्या काठ्या कडकडल्या आणि कायोंबोचा आवाज आला, "धरलं, धरलं. अगं फेबी, पाय धर."

मादी होती. लहान. कायोंबोनं एका हातानं उचलली. चौघांच्या जेवणालाही पुरली नसती एवढीच.

अंगणात केळीच्या पानावर तिचे वाटे झाले. रक्ताचा टिळा दुबेळक्याच्या खांबाला लागला. काळीज, यकृत आणि मागची मांडी थेट चिलोंबोच्या मडक्यात गेली. मानेचा तुकडा न्यालुहानानं बाजूला काढला आणि मीठ चोळलं.

"तो कुणाला?" कायोंबोनं विचारलं.

"मान बहिणीची असते. जाळं तुझ्या बापाचं. बहीण त्याची."

"आई, ती इथं नाही. तीन वर्षांत जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही. चिलोंबोला उद्या काय देऊ मी?"

"उद्या पुन्हा हाकारा. उद्या आणि परवा. हा तुकडा खाल्ला तर पुन्हा झाकलंच की." तिनं तो तारेत ओवून चुलीवर धुरात टांगला. हात मात्र तिनं लगेच काढला नाही. मांसाला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली, कारण भूक तिलाही होती.

कास्वेका सुनेच्या झोपडीबाहेर भिंतीला पाठ लावून बसला. आत रश्श्याचा वास होता. वाडग्यात चमचा वाजत होता. मग बराच वेळ काही नाही. मग बाळ रडलं. एकदा, दोनदा, मग रागानं. तो उठला नाही. रडणं मध्येच थांबलं आणि ते दमून थांबलं की चोखायला लागलं म्हणून थांबलं, हे भिंतीतून कळेना. आत जाता येत नव्हतं. विचारायलाही तो कुणाला हाक मारू शकला नसता, कारण घसा पार बसला होता.

त्यानं ग्रंथ आणला आणि मागचं कोरं पान फाडलं. चष्म्याशिवाय अक्षरं मोठी आली, शाळेत पहिलीतल्या पोराची असतात तशी. त्यानं ती पुन्हा वाचली नाहीत.

'कालुंबु, ये. पोरांना घेऊन ये. घरात कोरड्यास नाही, कसावा कुजलाय, कोंबड्या मेल्या. चिलोंबोला मुलगी झाली आहे, दूध नाही. हाकायला माणसं कमी आहेत. जागा आहे. पहिल्याच दिवशी हे लिहायला हवं होतं. तुझा वाटा धुरावर टांगला आहे. दादा.'

सकाळी बाकीचे जाळी घेऊन ओढ्याकडे निघाले तेव्हा तो कायोंबोच्या सायकलवर बसला. बोमापर्यंतचा, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या गावापर्यंतचा रस्ता चढाचा आणि लाल धुळीचा. दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. टपालखात्याच्या खिडकीपाशी रांग नव्हती. आतल्या माणसानं तिकीट लावलं, पत्ता वाचला.

"चर्चची पेटी आहे ही. ती माणसं अजून तिथं आहेत का, आजोबा?"

कास्वेकानं घशाला हात लावला. आवाज नुसता वाऱ्यासारखा निघाला. "माहीत नाही."

"काय म्हणालात?"

"माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला. "तरी टाका."

माणसानं पाकीट परत दिलं आणि बाहेरची लाल पेटी दाखवली. पेटीचं तोंड गंजलं होतं. कास्वेकानं पाकीट आत सरकवलं, बोटं फटीत अडकेपर्यंत सरकवलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात तिथंच ठेवला.